मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा लागणारे दिवे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार इतक्या वेळा वाचली की, या वेळचे सदर मी पूर्णपणे तिलाच देत आहे. इंजिनाचे मोठे काम झाले, बिल चुकते केले, गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत मीटरवरचा दिवा पुन्हा लागला, अशी ती तक्रार आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. पत्रलेखकांची आणि गॅरेजांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी २०१६ सालची पेट्रोल गाडी ८४,००० किलोमीटर चालली आहे. मी नागपुरात मनीषनगरला राहतो आणि नोकरीनिमित्त रोज वर्धा मार्गाने बुटीबोरीला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात खापरीच्या पुढे गाडी तापली, काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी लागली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील, उडाल्याचे निदान झाले. हेड उतरवून फेसिंग केले, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला. गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंगचा सेट आणि व्हॉल्व्ह सील बदलले. एकूण ४६,००० रुपये खर्च आला. नवव्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो घालवून दिला; चार दिवसांनी पुन्हा लागला. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी मी स्क्रीनचा फोटो काढला, त्यावर पी०१७१ आणि पी०१२८ असे दोन कोड होते. आता ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल, साडेसात हजार लागतील, असे सांगतात. सकाळी सुरू केल्यावर गाडी थोडी थरथरते. रेडिएटरचा पंखा चावी फिरवताच सुरू होतो आणि बंदच होत नाही. गॅस्केट पुन्हा गेले असेल का? सेन्सर बदलू का? आणि पुढच्या महिन्यात कुटुंबासह समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचे आहे, त्यासाठी ही गाडी न्यावी का?

उत्तर : आपण स्क्रीनचा फोटो काढला, हे फार चांगले केले. आपल्या प्रश्नाचे जवळजवळ सगळे उत्तर त्या दोन कोडांमध्ये आणि पंख्याविषयी आपण लिहिलेल्या एका वाक्यामध्ये आहे.

आधी ‘दिवा घालवणे’ म्हणजे नेमके काय होते ते सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळ गॅरेजांमध्ये त्यालाच दुरुस्ती समजले जाते. इंजिनाच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या संगणकाला, एखादा दोष दिसला की ते कोड नोंदवते आणि त्याबरोबर त्या क्षणाची स्थितीही साठवून ठेवते : त्या वेळी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होते, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान किती होते, इंजिनावर भार किती होता. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. स्कॅनरवरचे कोड पुसण्याचे बटण दाबले, किंवा पुष्कळ गाड्यांत बॅटरीची तार काढून ठेवली, की कोडाबरोबर ही नोंदही जाते आणि संगणकाने स्वतःच्या ज्या चाचण्या पूर्ण केल्या होत्या त्याही शून्यापासून सुरू होतात. आपल्या गाडीत हे तीनदा घडले आहे. प्रत्येक वेळी गाडीने दिलेली साक्ष ऐकून न घेता तिला परत पाठवले गेले.

दिवा लगेच न लागता तीन-चार दिवसांनी का लागतो, याचेही कारण येथेच आहे. बहुतेक उत्सर्जनविषयक दोषांसाठी संगणक एका फेरीवर, म्हणजे गाडी सुरू करून बंद करेपर्यंतच्या एका प्रवासावर, विसंबत नाही. पहिल्या फेरीत दोष दिसला की तो कोड प्रलंबित म्हणून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तरच मीटरवरचा दिवा लावतो. शिवाय काही चाचण्यांना ठरावीक परिस्थिती लागते, उदाहरणार्थ रात्रभर थंड झालेले इंजिन आणि त्यानंतर काही काळ एकसारखा वेग. तशी परिस्थिती जुळेपर्यंत चाचणीच होत नाही. त्यामुळे ‘चार दिवस दिवा लागला नाही, म्हणजे चार दिवस गाडी ठीक होती’ असा अर्थ काढू नये. दोष पहिल्या सकाळपासूनच तेथे असण्याची शक्यता अधिक आहे.

आता पी०१२८ पाहू. इंजिन सुरू होऊन ठरावीक वेळ झाला तरी कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, असा या कोडाचा अर्थ आहे. गाडी अति तापल्यामुळे आपण काम केले आणि आता गाडी पुरेशी तापत नाही म्हणून दिवा लागतो आहे, हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण पंखा चावी फिरवताच सुरू होतो, ही गोष्ट त्याच्याशी तंतोतंत जुळते. माझा कयास असा आहे की, काम करताना थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला आहे आणि पंखा डायरेक्ट केला आहे, म्हणजे तापमान न पाहता चावीबरोबर सतत फिरेल असा जोडला आहे. विदर्भातल्या उन्हात गाडी पुन्हा तापू नये, या चांगल्या हेतूने आपल्याकडचे अनेक मिस्त्री हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांमध्ये ते खपून जात असे. आजच्या गाडीत थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि इंजिन त्या तापमानाला पोहोचले आहे असे धरून पुढचा सगळा हिशोब मांडलेला असतो. तो काढला की थंडीच्या सकाळी वर्धा मार्गावर वारा आणि सतत फिरणारा पंखा मिळून इंजिन कोमटच ठेवतात. संगणक इंजिन अजून थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज घटते, सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुतले जाते आणि झीज वाढते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो हे खरे, पण थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर कूलंटला वाट मोकळीच असते. त्या उन्हात गाडी तापण्याची कारणे बहुधा चोंदलेले रेडिएटर, बोअरवेलच्या जड पाण्यामुळे आत साचलेला क्षार, बंद पडलेला पंखा किंवा गळती हीच असतात. तेव्हा थर्मोस्टॅट परत बसवून घ्यावा, पंख्याची मूळ वायरिंग पूर्ववत करून घ्यावी आणि त्यानंतर कूलंट शिफारशीप्रमाणे भरून आतली हवा नीट काढून घ्यावी. हवा अडकून राहिली तर काटा कधी वर, कधी खाली असा नाचतो.

पी०१७१ हा दुसरा कोड आहे. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे, असे त्यातून कळते. येथेच ऑक्सिजन सेन्सरचा बळी दिला जातो, कारण एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजणाऱ्या या सेन्सरकडूनच ही बातमी आलेली असते. निरोप आणणारा चुकीचा निरोप आणतो आहे असे सिद्ध होईपर्यंत त्याला बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हेड उतरवायचे म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारी नळ्यांची जोडणी) उतरवावे लागते, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला वायू बाहेर नेणारी जोडणी) सोडवावे लागते, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या ओढून काढाव्या लागतात आणि आठ-नऊ वर्षांच्या उष्णतेने कडक झालेल्या त्या नळ्या परत लावताना तोंडाशी चिरतात. इनटेकचे गॅस्केट जुनेच लावले असेल, किंवा एखादी नळी सैल राहिली असेल, तर मोजमाप न झालेली हवा आत शिरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड सेन्सरच्या आधी गळत असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला खोटा प्राणवायू दिसतो. दोन्ही ठिकाणी सेन्सर निर्दोष असतो.

हे तपासण्याची रीत सोपी आहे आणि तिला नवा सुटा भाग लागत नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे संगणक ठरलेल्या हिशोबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, पाहायला सांगावे. निरोगी गाडीत ते शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्के अधिक-उणे, असतात. गाडी आयडलिंगला (रेस न देता उभी, इंजिन चालू) असताना हा आकडा अधिक वीस टक्क्यांच्या पुढे असेल आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपर्यंत रेस दिल्यावर तो पाचावर उतरत असेल, तर हवेची गळती आहे असे समजावे, कारण जास्त हवा जाऊ लागली की त्या छोट्या छिद्राचा वाटा नगण्य होतो. उलट रेस दिल्यावर आकडा वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा, म्हणजे पंप किंवा फिल्टर, पाहावा लागेल. गळतीची जागा शोधण्यासाठी इनटेकमध्ये धूर सोडणारे यंत्र आता शहरातील बऱ्याच गॅरेजांत आहे. धूर जेथून बाहेर पडतो ती जागा डोळ्यांना दिसते. आपली गाडी सकाळी थरथरते, हेही गळतीकडेच बोट दाखवणारे लक्षण आहे.

मोठ्या कामानंतर लागणारा दिवा पुष्कळदा काम करताना हात लागलेल्या जागेवरून येतो, महागड्या भागावरून नव्हे, हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. तीन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलल्यावर माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागू लागला. एकदा कोड क्रँक सेन्सरचा, एकदा सिस्टीमचे व्होल्टेज कमी असल्याचा. सेन्सर बदलला, बॅटरी बदलली, दिवा कायम राहिला. शेवटी मानेवाड्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. मीटरवर ०.८ व्होल्ट आले, तेथे ०.२ च्या आत असायला हवे होते. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड विणीव पट्टी बसवताना तिच्याखाली रंग आणि ग्रीसचा थर तसाच राहिला होता. त्यांनी तो बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. या वेळी मीटरने ०.०६ दाखवले. ‘‘सेन्सर नव्हताच जी, अर्थिंगच ढिली होती,’’ एवढे बोलून त्यांनी दीडशे रुपये घेतले. तेव्हापासून मोठे काम झालेल्या प्रत्येक गाडीची अर्थिंग मी सर्वांत आधी तपासायला सांगतो आणि आपणही सांगावे.

गॅस्केट पुन्हा गेले आहे का, ही शंका आपल्या लक्षणांवरून मला संभवत नाही. पण ती फेडून घेणे सोपे आहे. रेडिएटरच्या तोंडाशी लावण्याची एक चाचणी मिळते, तिच्यातले निळे द्रव कूलंटमध्ये जळलेला वायू मिसळत असेल तर पिवळे होते. कूलंटची पातळी आठवडाभर सकाळी थंड इंजिनावर पाहून लिहून ठेवावी. ती खाली जात नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसत नसेल, तर काळजीचे कारण नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. गॅस्केट उडाले तेव्हा काही कूलंट जळून एक्झॉस्टमध्ये गेले असेल, तर त्याने ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) दोन्ही खराब होऊ शकतात. पुढे काही महिन्यांनी कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे सांगणारा पी०४२० हा कोड आला, तर तो नवा दोष नसून त्या दिवशीच्या तापण्याचा परिणाम असण्याची शक्यता आहे.

शिर्डीच्या प्रवासाविषयी. दिवा पिवळा आणि स्थिर असेल, काटा मध्यावर असेल, तर गाडी शहरात काही दिवस चालवायला हरकत नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर समृद्धीवर कार तासन्‌तास ताशी शंभर-एकशेवीसने पळवणे मात्र मला मान्य नाही, कारण त्या भारावर ज्वलनाचे तापमान वाढते आणि नुकतेच फेसिंग केलेले हेड पुन्हा धोक्यात येते. दोन्ही दोष दूर करून, कोड पुसून, किमान आठवडाभर रोजचा बुटीबोरीचा प्रवास करून, प्रलंबित कोडही शून्य आहेत हे पाहून मग निघावे. वाटेत हाच दिवा लुकलुकू लागला, तर इंजिन मिसिंग करत आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून काढत आहे असे समजावे. वेग ताबडतोब कमी करून सुरक्षित जागी थांबावे.

पैशांविषयी आपण विचारले नाही, पण सांगणे आवश्यक वाटते. ज्या कामाचे पैसे आपण दिले, त्याच कामात सैल राहिलेली नळी किंवा काढून टाकलेला भाग पूर्ववत करून देणे ही गॅरेजची जबाबदारी आहे. आपण आधी शांतपणे, पण लेखी स्वरूपात, बिलाचा क्रमांक, तारखा, कोड आणि फोटो यांसह मागणी करावी आणि बदललेले जुने भाग दाखवायला सांगावे. बहुतेक गॅरेजवाले एवढ्यावर काम करून देतात. त्यांनाही चार गिऱ्हाइके टिकवायची असतात. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. आपल्या एवढ्या रकमेच्या तक्रारीला तेथे शुल्कही लागत नाही.

प्रश्न : कामठीला राहतो. माझी डिझेल गाडी भाड्याने चालते. दोन महिन्यांपूर्वी हाफ इंजिनचे काम केले : पिस्टनच्या रिंगा आणि हेडचे काम झाले, क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) हात लावला नाही. आता लांबून चालवून आल्यावर सिग्नलला थांबलो की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. थोडी रेस दिली की जातो. ऑइल प्रेशर स्विच दोनदा बदलला, काही दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतात जाड ऑइल टाकू. गाडी उभी ठेवली तर रोजी बुडते.

उत्तर : आपली अडचण मी समजू शकतो, तरीही गाडी आजपासून उभी ठेवा, असेच मी सांगेन. पिवळा दिवा तपासणीची सूचना देतो. ऑइलचा लाल दिवा इंजिन बंद करण्याची आज्ञा देतो. ऑइल प्रेशर स्विच बहुधा अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास दाब उतरला की दिवा लावतो, म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसतो, जवळजवळ संपलेला असतो.

स्विच तिसऱ्यांदा बदलू नये. तो काढून त्याच्या जागी ऑइल प्रेशरचा काट्याचा गेज लावायला सांगावा, गाडी पूर्ण गरम करावी आणि आयडलिंगला व दोन हजार फेऱ्यांवर दाब किती आहे ते कंपनीच्या मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावे. गेजवर दाब चांगला असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि आपले काम स्वस्तात झाले. दाब खरोखरच कमी असेल, तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवावे लागेल.

चेंबर उतरवल्यावर सर्वांत आधी ऑइल पंपाची जाळी पाहावी. हाफ इंजिनच्या कामात चेंबर बसवताना सिलिकॉनची सीलंट पेस्ट सढळ हाताने लावली जाते. जोडातून आत ओघळलेला तिचा फुगवटा वाळून तुटतो आणि त्या रबरासारख्या चिंध्या जाळीला जाऊन चिकटतात. बाहेरून मिस्त्रींचे काम अगदी स्वच्छ दिसते आणि आत पंप अर्ध्या घशाने ऑइल ओढत असतो. हेच कारण निघाले तर आपण थोडक्यात सुटलात असे समजावे. जाळी स्वच्छ असेल, तर बेअरिंगची झीज मोजावी लागेल, कारण क्रँकला हात न लावल्यामुळे जुनी बेअरिंगच काम करत आहेत. ऑइल गरम होऊन पातळ झाले, पंपाचे फेरे आयडलिंगमुळे कमी झाले, की वाढलेल्या फटीतून दाब निसटतो. सिग्नललाच दिवा दिसतो तो यामुळे.

जाड ऑइलाने दिवा जाईल, हे मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे. पण त्याने फट भरून येत नाही, आणि थंड इंजिन सुरू करताना ते जाड ऑइल टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) बारीक वाटेत उशिरा पोहोचते. डिझेल गाडीचा टर्बो तेवढ्या काही क्षणांच्या कोरडेपणाने झिजतो. आज चार दिवसांची रोजी जाईल. बेअरिंग जागेवरून फिरून क्रँक जाम झाला, तर गाडी महिनाभर उभी राहील आणि फुल इंजिनचे काम अंगावर येईल.

प्रश्न : अंबाझरी लेआउटमध्ये राहते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुराचे पाणी घरात शिरले तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. विम्यातून दुरुस्ती झाली, इंजिन व्यवस्थित आहे. परंतु दर पावसाळ्यात एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवे लागतात. सर्व्हिसला नेले की घालवून देतात, काही दिवसांनी परत येतात. उन्हाळ्यात आपोआप बंद होतात. यांचे काय करावे?

उत्तर : ताई, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आपल्या भागात जे पाणी शिरले, त्यात बुडालेल्या गाड्यांची पत्रे मला आजही येतात आणि बहुतेकांचे दुखणे हेच आहे. पुराचे पाणी गटारांतून आणि नाल्यातून आलेले असते. ते कपलरच्या (तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लगच्या) आत शिरून वाळते तेव्हा पिनांवर क्षारांचा थर सोडून जाते. गाडी धुऊन, सीट बदलून, गालिचा वाळवून दिला जातो, पण गालिच्याखालून जाणारे वायरिंगचे जुडगे आणि त्याचे कपलर क्वचितच उघडले जातात. उन्हाळ्यात हा थर कोरडा असतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून तो पुन्हा सक्रिय होतो, पिनांमधला विजेला होणारा विरोध बदलतो आणि संगणक दिवा लावतो. ऋतूप्रमाणे येणारे-जाणारे दिवे म्हणजे कपलरमधला गंज, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो.

त्यामुळे एअरबॅगचे कंट्रोल युनिट बदला असे कोणी सांगितले, तर आधी दोन्ही पुढच्या सीटा उतरवून त्यांच्याखालचे पिवळे कपलर उघडून दाखवायला सांगावे. एअरबॅगच्या वायरिंगला ओळखू यावे म्हणून पिवळा रंग देतात. आत हिरवट-पांढरी भुकटी दिसेल. एबीएससाठी चाकांजवळच्या सेन्सरचे आणि दाराच्या उंबऱ्याखालून जाणारे कपलर पाहावेत. पिना स्वच्छ करणे पुरे होत नसेल, तर तेवढा कपलर तारेच्या तुकड्यासह बदलावा; गंज तारेच्या आत काही बोटे चढलेला असतो, म्हणून काळी पडलेली तार चांगल्या तांब्यापर्यंत कापून काढावी.

हे काम घरी करू नये आणि साध्या वायरमनकडूनही करून घेऊ नये. बॅटरी काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय एअरबॅगच्या कपलरला हात लावायचा नसतो, आणि एअरबॅगला मल्टिमीटर लावून तपासणे तर कधीच नाही, कारण मीटरमधला अल्प प्रवाहसुद्धा ती फोडू शकतो. तोवर आपण गाडी चालवणार असाल, तर एवढे ठाऊक असावे : एबीएसचा दिवा असताना साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाके जाम होऊ शकतात, एअरबॅगचा दिवा असताना अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नसतो. मुलांना या गाडीतून नेत असाल, तर हे काम पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता करून घ्यावे.

प्रश्न : मोबाइलला जोडायचे छोटे स्कॅनर स्वस्तात मिळतात. ते घ्यावेत का? गॅरेजवाल्यांना राग येतो.

उत्तर : जरूर घ्यावेत. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे जे सॉकेट असते त्यात ते बसतात आणि इंजिनाचे कोड, फ्रीझ फ्रेम, कूलंटचे तापमान व फ्युएल ट्रिम दाखवतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र बहुतेक स्वस्त स्कॅनरना वाचता येत नाहीत. गाडी उभी असताना स्कॅनर काढून ठेवावा, नाही तर काही गाड्यांत तो बॅटरी उतरवतो. त्यात कोड पुसण्याचीही सोय असते. ती गॅरेजला नेण्यापूर्वी वापरू नये. दिवा लागलेल्या दिवशीच कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढावा, तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत आणि कागद जॉब कार्डाला (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्राला) जोडायला द्यावा. राग येणाऱ्या मिस्त्रींना तो कागद हाती देताना आपण केलेले निदान सांगू नये, फक्त लक्षणे सांगावीत : दिवा सकाळी लागतो की गरम झाल्यावर, पावसात लागतो की एरवीही, कोणत्या वेगाला लागतो, आणि त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते.